दोन खडे आणि पाच मेंढ्या

जगदेवी बाईंच्या तोंडात सगळ्यात जास्त बसलेला शब्द म्हणजे 'न्हाई'. दहावी झाल्यावर वडिलांनी, म्हणजे नांदूरघाटच्या ईश्वरप्पा किराणावाल्यांनी, सांगितलं की आता शिकणं बास, दुकानात बस. त्या न्हाई म्हणाल्या आणि डी.एड. करून आल्या. पहिल्याच शाळेत मुख्याध्यापकांनी गैरहजर पोरांची हजेरी भरायला सांगितली. त्यालाही न्हाई म्हणाल्या, म्हणून बदली झाली ती थेट चिंचखोरी वस्तीवर. तीस-बत्तीस घरं, त्यातली निम्म्याहून जास्त धनगरांची, नांदूरघाटापासून पाच किलोमीटर आणि मध्ये पूल नसलेला ओढा. ही बदली म्हणजे शिक्षा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाच वर्षांनी 'आता या खाली' असा निरोप आला, तेव्हा बाई पुन्हा न्हाई म्हणाल्या. त्यानंतर वरच्यांनी त्यांचा नाद सोडला.

आता बाई चोपन्न वर्षांच्या आहेत. गळ्यात इष्टलिंग, खांद्याला रेग्झिनची पिशवी, आणि डोळ्यांवरचा चष्मा असा की त्यातून बघितलं की खोटं बोलणाऱ्याचे पाय आपोआप हलायला लागतात. दुसरे गुरुजी बदलून गेले ते गेलेच. पहिली ते चौथीची एकोणीस पोरं एकट्या बाईंच्या अंगावर. अशा बाईच्या हातात भाचीनं मोबाईल दिला आणि चिंचखोरीचं ग्रहमान बदललं.

भाची प्रणिता बीडला क्लास लावून परीक्षांचा अभ्यास करते. एका रविवारी ती आली ती वीस कागद घेऊन. प्रत्येक कागदावर काळ्या चौकोनांची वेडीवाकडी नक्षी आणि चार बाजूंना क, ख, ग, घ. तिनं समजावून सांगितलं की हे एक फुकटचं संकेतस्थळ आहे, आत्या. पोरांना मोबाईल द्यायची गरज नाही. तू फळ्यावर प्रश्न लिहायचा, पोरानं आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, आणि तू तुझा मोबाईल सगळ्यांवरून फिरवायचा; कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट दिसतं, बरोबर असलं की नाव हिरवं, चुकलं की लाल. प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही उपयोग नाही.

बाईंना ते शेवटचं वाक्य फार आवडलं. त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर ते कागद खळीनं चिकटवले. टिकावेत म्हणून वरून चिकटपट्टी लावली तर उन्हात ती चमकायची आणि मोबाईलला काही दिसायचंच नाही. मग बसून सगळी सोलून काढली. शाळेत रेंज फक्त खिडकीच्या कोनाड्यात यायची, म्हणून वर्गच फिरवला. फळा खिडकीशेजारी नेला आणि पोरं तिकडं तोंड करून बसवली. पंधरा दिवसांत पोरं अशी तयार झाली की बाईंनी मोबाईल उचलला की एकोणीस लग्नपत्रिका वर. त्यात एखादा दांडगोबा मुद्दाम नक्षीवर बोट ठेवायचा, मग त्याचं नाव काळं राहायचं आणि सगळा वर्ग त्याच्याकडं वळून बघायचा.

वस्तीत अर्थातच चर्चा झाली. म्हातारपणी बाईंना गेमचा नाद लागला, असं पाराच्या कट्ट्यावर बोललं गेलं. चौथीतल्या अंजूचा बाप भागवत तर शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. मोबाईलनं पोरं बिघडतात, तुम्हीच शाळेत मोबाईल लावला तर आम्ही घरी काय सांगायचं, असा त्याचा सवाल होता, आणि सवाल चुकीचा नव्हता. बाईंनी त्याला आत बोलावलं, एक कार्ड हातात दिलं आणि विचारलं, याच्यावर कोणता सिनेमा दिसतोय तो सांग. भागवतनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं, मागच्या बाजूला आपल्याच चुलतभावाच्या लग्नाची तारीख वाचली, आणि हसू दाबत निघून गेला.

खरी गोष्ट श्रावणात घडली. वरून हुकूम आला की प्रत्येक शाळेनं पोरांची गणिताची पातळी तपासून यादी पाठवावी. बाईंनी त्याच संकेतस्थळावरचा एक तयार प्रश्न घेतला. चित्रात दोन वाडगी, म्हणजे मेंढरांची कुंपणं, प्रत्येकात वीस मेंढ्या, आणि बाहेर पाच. मेंढ्या विलायती होत्या, कापसासारख्या पांढऱ्याधोप, चिंचखोरीत असल्या मेंढ्या कुणी बघितल्या नव्हत्या. वाडग्यावर वीसचा आकडा लिहिलेला होता. एकूण मेंढ्या किती? पर्याय चार: पंचेचाळीस, पंचवीस, दोनशे पाच आणि सात.

बाईंनी मोबाईल फिरवला. आठ नावं हिरवी, अकरा लाल. अकराही जणांनी एकच उत्तर दिलेलं: पंचवीस. त्यात चौथीतली अंजू होती, जी वर्गात सगळ्यात आधी हात वर करायची. दोन लहान वाडगी मोजता येत नाहीत या पोरीला? बाईंचा पारा चढला. त्यांनी पुन्हा विचारलं. अंजूनं पुन्हा तेच कार्ड तसंच धरलं, ठाम, मान ताठ करून. बाई रागावल्या, तिला म्हणाल्या की डोकं घरी ठेवून येतेस का. मग त्याच रागात यादी केली, अकरा नावांपुढं 'अप्रगत' असं लिहिलं, आणि पाठवून दिली.

इतर शाळांनी काय केलं ते बाईंना ठाऊक होतं. कागदावर सगळीकडची पोरं हुशार. बाई मात्र खोटं लिहिणार नाहीत, म्हणून खरं लिहिलं. पण ते खरं नव्हतं, हे त्यांना त्याच दिवशी संध्याकाळी समजलं.

चहाचा कप हातात घेऊन त्या मोबाईलवर पुन्हा ती नावं बघत होत्या. चुकणारी पोरं वेगवेगळं चुकतात. कुणी सात म्हणतं, कुणी दोनशे पाच. अकरा जण एकाच ठिकाणी चुकतात म्हणजे ती चूक नसते, त्यांना कुणीतरी शिकवलेलं असतं. बाईंनी एकेक नाव वाचलं आणि कप खाली ठेवला. अकराच्या अकरा घरांत मेंढरं होती. आठांच्या घरी नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाई तशाच उठून अंजूच्या घरच्या मेंढरांच्या वाड्यापाशी गेल्या. कळप नुकताच परतला होता. अंजूची आजी ताराबाई वाघुरीच्या, म्हणजे त्या जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभी होती आणि मेंढरं दोन-दोन करून आत सोडत होती. वीस झाली की पदरातला एक खडा काढून दगडावर ठेवायची. पुन्हा वीस, पुन्हा एक खडा. शेवटी पाच उरली. ताराबाईनं दगडाकडं बघितलं, उरलेल्यांकडं बघितलं आणि अंजूला विचारलं, किती? अंजू म्हणाली, दोन खडे पाच. ताराबाई म्हणाली, भरली. आणि जाळी ओढून घेतली.

दोन खडे पाच. म्हणजे आधी दोन, मग पाच, पंचवीस. पोरीनं जे रोज बघितलं तेच कार्डावर दाखवलं होतं. डावीकडं खडे, उजवीकडं सुटी मेंढरं. बाईंना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. तीस वर्षं या वस्तीवर काढली, पोरांच्या तीन पिढ्यांची नावं तोंडपाठ, आणि दोनशे पावलांवर माणसं मेंढरं कशी मोजतात ते बघायला आपण कधी आलो नाही. त्यांना आपलीच लाज वाटली, आणि लाज वाटली की बाईंना राग येतो, त्या दिवशी तो स्वतःवर आला.

ताराबाईला त्यांनी सांगितलं की मावशी, मी आज तुमच्या नातीला उगंच बोलले. ताराबाईनं एवढंच विचारलं की पोरगी खोटं बोलली का. बाई म्हणाल्या, न्हाई, ती खरंच बोलत होती, मलाच तिची मोजणी येत न्हवती. मग ताराबाईनं त्यांना बसायला पोतं दिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी यादी दुरुस्त करण्यासाठी अर्ज लिहिला. उत्तर आलं नाही. आणखी एक लिहिला. त्याचंही नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना शेळी काय म्हणते ते ऐकू येत नसतं.

अर्जाची वाट बघत बसणं बाईंना जमण्यासारखं नव्हतं. प्रणिताला फोन लावून त्यांनी विचारलं की आपल्याला आपला खेळ बनवता येतो का. येतो, फुकट येतो, ती म्हणाली. मग दोन रविवार आत्या-भाची कोनाड्यापाशी डोकं घालून बसल्या. बाईंनी ताराबाईच्या काळ्या-तांबड्या मेंढरांचे फोटो काढले, वाघुरीचा काढला, दगडावरच्या खड्यांचा काढला. खेळ साधाच होता. एक खडा दिसायचा, त्याचे दोन दहांचे गठ्ठे करून खालच्या चौकटीत टाकायचे, सुटी मेंढरं शेजारच्या चौकटीत, आणि मग आकडा आपोआप उमटायचा. दोन खडे पाच, चार गठ्ठे पाच, पंचेचाळीस. पोरं एकेक करून कोनाड्यापाशी येत आणि बाईंच्या मोबाईलवर बोट फिरवत. आपली मेंढी मोबाईलमध्ये दिसतेय म्हटल्यावर अंगद नावाच्या पोरानं तर तिला नावानं हाक मारली, आणि ती कोणत्या साली व्याली तेही सांगितलं.

दिवाळी सरेपर्यंत अकरा जण दोन्ही मोजण्या करायला लागले, आणि खेळता खेळता उरलेल्या आठांनाही खडा म्हणजे वीस हे कळलं. शहरातल्या पोराला एकच येते.

दिवाळीनंतर कळप बाहेर पडतात. भागवतची निघायची तयारी चालली होती आणि अंजूला आजीजवळ ठेवायचं ठरलं होतं, शाळेसाठी. तेवढ्यात विस्तार अधिकारी अमरसिंह साहेब हुकूम घेऊन आले. हुकूम असा, की यादीतली अकरा अप्रगत मुलं खाली नांदूरघाटच्या मोठ्या शाळेत विशेष वर्गाला पाठवावीत. उरली आठ, आठ पोरांसाठी शाळा चालवता येत नाही, म्हणून तीही पाठवावीत. बाईंनी फक्त सही करायची. साहेबांनी हे गोड आवाजात सांगितलं. पालकांना त्यांनी आधीच बोलावून घेतलं होतं. दारात दहा-बाराजण उभे होते, ताराबाईसुद्धा.

भागवतनं विचारलं, ओढ्याला पाणी असलं की पोरांनी जायचं कसं. साहेब म्हणाले, त्याची व्यवस्था होईल. भागवतनं आयुष्यात होईल हा शब्द बराच ऐकला होता. तो म्हणाला, शाळा इथं न्हाई तर अंजू माझ्यासंगं मेंढरामागं येईल. त्यात धमकी नव्हती. ओढा ओलांडून पोरीला एकटी धाडणारा तो नव्हता, एवढंच. अंजूनं बापाकडं बघितलं, मग बाईंकडं. अप्रगत हा शब्द बाईंच्याच अक्षरातला होता.

बाईंनी हुकूम दोनदा वाचला. मग म्हणाल्या, यात 'पडताळणी करून' असं लिहिलंय, साहेब. करा पडताळणी.

साहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. ते म्हणाले की यादी तुमचीच आहे, तुमच्याच हाताची, आता कसली पडताळणी. आणि तुमच्या वर्गात मोबाईलवर खेळ चालतात हेही आमच्या कानावर आहे, पोरं मागं राहणार नाहीत तर काय. दारातले पालक हलले नाहीत. साहेबांनी तिकडं एकदा बघितलं आणि घड्याळ बघत म्हणाले, बरं, करा लवकर.

बाईंनी फळ्यावर वाघूर काढली. बाहेर दगडावर तीन खडे, आणि दगडाशेजारी सात मेंढ्या. कळप किती? क सदतीस, ख सदुसष्ट, ग तीनशे सात, घ दहा. मग टेबलातून एक कार्ड काढून साहेबांपुढं धरलं आणि म्हणाल्या की तुम्हीही बसा, पोरांना हुरूप येईल. पालकांसमोर नाही म्हणणं साहेबांना बरं दिसेना. ते खुर्चीवर बसले, बाईंनी मोबाईलमधल्या यादीत साहेबांचं विसावं नाव टाकलं, आणि मोबाईल उचलला. वीस कार्डं वर झाली.

एकोणीस हिरवी. एक लाल.

बाईंनी मोबाईल आधी साहेबांना दाखवला नाही. दारात नेऊन भागवतच्या हातात दिला. भागवतनं सावकाश वाचलं, मग मोबाईल पुढच्याला दिला, त्यानं त्याच्या पुढच्याला. कुणी हसलं नाही. ताराबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं विचारलं की लाल कोण, आणि तिला सांगितलं गेलं.

साहेबांचा चेहरा उतरला. एक खडा म्हणजे वीस, हे आपल्याला सांगितलंच नव्हतं, असं ते म्हणाले. हा काय प्रश्न झाला, ही फसवणूक आहे.

"बरोबर हाय, साहेब," बाई म्हणाल्या. "तुमाला कुणी सांगितलं न्हाई. ह्या अकरा जणांना बी कुणी इचारलं न्हाई. मी सुद्धा न्हाई. मी त्यांच्या नावापुढं अप्रगत लिवलं, आन तुमी त्यावर शाळा उठवाय निघालात. तुमच्या नावापुढं आज काय लिवू, तेवढं सांगा."

मग साहेबांनी अंजूला फळ्याजवळ बोलावलं आणि स्वतःच्या कागदावरचं गणित घातलं, पंचेचाळीस आणि अडतीस. अंजूनं खडू घेण्याआधीच त्र्याऐंशी सांगितलं, मग नीट मांडून दाखवलं. साहेबांनी दुसऱ्याला बोलावलं, तिसऱ्याला बोलावलं. अर्धा तास ते अकरा जणांना पुस्तकातली, कागदावरची, मनातली गणितं घालत राहिले, आणि पुढच्या गावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त खुर्चीतून कधी उठला नव्हता. नऊ जणांची सगळी बरोबर आली. अंगद आणि एक लहान पोरगी वजाबाकीत अडकली.

मग साहेब म्हणाले की नऊ नावं कमी करू, दोन राहू द्या, आणि तो मोबाईलमधला निकाल तेवढा पुसून टाका, त्यात माझं नाव आहे.

"काढते," बाई म्हणाल्या. "आधी ह्या अकरा जणांची काढा."

"दोन जण चुकलेत, बाई."

"चुकलेत. तुमी बी चुकलात. दोघांना चुकले म्हणून वस्तीतून उठवायचं असंल तर तुमचं बी नाव राहू द्या, सगळ्यांना सारखा न्याय."

साहेबांनी दारातल्या माणसांकडं बघितलं. मग खिशातून पेन काढलं आणि यादी मांडीवर घेऊन पहिलं नाव खोडलं, मग दुसरं. अकरावं खोडून त्यांनी कागद पुढं सरकवला. बाईंनी तो वाचला आणि परत त्यांच्याकडं सरकवला. खाडाखोड केली की प्रत्येक ठिकाणी लघुसही लागते, हे साहेबांनीच त्यांना एका तपासणीत ऐकवलं होतं, आणि त्या वेळी बाईंना सगळं दप्तर पुन्हा लिहावं लागलं होतं. साहेबांनी अकरा ठिकाणी अकरा लघुसह्या केल्या. खाली लिहिलं, पडताळणी केली, मुले प्रगत आहेत, शाळा आहे तिथेच चालू ठेवावी.

बाईंनी कोनाड्यात मोबाईल ठेवला, रेंज आल्यावर साहेबांसमोर विसावं नाव काढून टाकलं आणि पडदा त्यांना दाखवला. शब्द दिला तर पाळायचा, त्यात त्या कधी कुचराई करत नसत.

साहेब गाडीकडं निघाले. भागवतनं त्यांना वाट करून दिली. बाई त्यांच्यामागून दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पुढल्या आठवड्यात परत या. आमच्याकडं चुकलेल्याला घरी धाडत न्हाईत. परत इचारतेत."